फ्रेम एका घरची, क्रँक दुसऱ्या घरचा: जुनी क्रूझर सुट्या भागांतून उभी करताना

आधी तुझा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. अमेरिकेतल्या क्लीव्हलंडजवळच्या एका गराज सेलमध्ये तुला ‘वेस्टर्न फ्लायर’चा बिल्ला असलेली जुनी फ्रेम, पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यासकट मिळाली. मग वर्षभरात तू बेन्डिक्स कंपनीचा कोस्टर हब (मागच्या चाकाचा मधला भाग, ज्यात उलटं पायडल मारलं की लागणारा ब्रेक असतो), श्विन कंपनीचा क्रँक (पायडलं ज्याला लागतात तो दांडा), दोन गंजक्या रिम, स्प्रिंगवाली सीट आणि म्हशीच्या शिंगांसारखं रुंद हँडल गोळा केलंस. मडगार्ड, टाकी, चेनगार्ड, कॅरियर यातलं काही नको. नुसती हाडं दिसतील अशी क्रूझर, म्हणजे जाड टायरची जुनी अमेरिकन सायकल, हवी. यातलं काय कशाला बसेल, रंग खरवडायचा की ठेवायचा, आणि सुरुवात कुठून करायची, हे तू विचारतोयस.

सुरुवात व्हर्नियर विकत घेण्यापासून कर. चेष्टा नाही. एक डिजिटल व्हर्नियर, म्हणजे मिलिमीटरच्या अंशापर्यंत जाडी आणि व्यास मोजणारं साधन, आणि एक आटे मोजायचं गेज. या दोन वस्तू हातात नसताना यापुढे एकही भाग घ्यायचा नाही. अशा सायकली गंजामुळे अडत नाहीत. गंज डोळ्यांना दिसतो आणि त्याला औषध आहे. त्या अडतात मापांवर, आणि तेही सगळे पैसे खर्च झाल्यावर, रविवारी रात्री, बाजारातलं एकही दुकान उघडं नसताना.

माझ्या वडिलांचं सांगलीत सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. तिथे मला मापाचा प्रश्न कधी पडलाच नाही. ॲटलस असो, हीरो असो की हर्क्युलिस, काळी डबल बारची सायकल आली की कटोरी आणि कोन (छर्रे ज्यांच्यामध्ये फिरतात ती वाटी आणि शंकू), क्रँक अडकवणारी कॉटर पिन, सगळं एकाच डब्यातून काढायचं आणि ठोकायचं. सगळ्या एकाच इंग्रजी घराण्यातल्या. त्या भरवशावर मी इथे पहिली क्रूझर उघडली आणि तिने दोन महिने मला पाणी पाजलं. अमेरिकेत प्रत्येक कारखान्याचं गोत्र वेगळं, आणि काही ठिकाणी तर मुद्दाम वेगळं ठेवलेलं, कारण सुटे भाग आपल्याच विक्रेत्याकडून घेतले जावेत.

हे असं का, ते दोन ओळींत. १९३३ साली शिकागोच्या श्विनने २६ इंची चाकाला सव्वादोन इंचांच्या आसपास जाड फुग्यासारखा टायर घातला. फ्रँक श्विनने तसे टायर युरोपात पाहिले होते. त्याआधी इथल्या बहुतेक सायकलींना रिमवर चिकटवलेला एकसंध नळीचा टायर असायचा. पंक्चर झाला की बोंब. नवा टायर चालला आणि दोनतीन वर्षांत सगळ्यांनी उचलला. मंदीचे दिवस, गिऱ्हाईक म्हणजे शाळकरी पोरं, म्हणून सायकलीला मोटारसायकलचा वेष: खोटी पेट्रोलची टाकी, आत हॉर्न, पुढे दिवा. सगळं अंगावर असताना ही सायकल पंचवीस किलोच्या पुढे जाते. पेपर टाकणारी पोरं ते सगळं उतरवून ठेवायची. तू जे करायला निघालायस ते तेव्हापासून चालत आलंय.

आता तुझी फ्रेम. ‘वेस्टर्न फ्लायर’ नावाचा सायकल कारखाना नव्हता. ते वेस्टर्न ऑटो या दुकानांच्या साखळीचं नाव. सायकली वेगवेगळ्या कारखान्यांकडून बनवून घ्यायच्या आणि वर आपला बिल्ला ठोकायचा. सीअर्सची जे. सी. हिगिन्स, माँटगोमेरी वॉर्डची हॉथॉर्न, सगळ्यांचा हाच धंदा. म्हणून बिल्ल्यावरून भाग शोधू नकोस. फ्रेम उलटी कर, क्रँक जिथे बसतो त्या आडव्या नळीच्या पोटावरचा नंबर ओल्या फडक्याने पूस आणि तिरपा टॉर्च धर. तू पाठवलेल्या फोटोत नंबराच्या शेवटी ‘सीडब्ल्यू’ अशी अक्षरं मला दिसतायत. म्हणजे ही क्लीव्हलंड वेल्डिंग कंपनीची, ‘रोडमास्टर’वाल्यांची. १९५० च्या सुमारास एएमएफ या अमेरिकन कंपनीने ही कंपनी घेतली आणि पुढे कारखाना इथून हलला. थोडक्यात, तुझी फ्रेम आपल्याच गावात जन्मली आणि इतकी वर्षं फिरून पुन्हा गावातच विकली गेली. मला अशा गोष्टींचं उगाच अप्रूप वाटतं.

एक सांगून ठेवतो, कारण पुढेमागे तू दुसरी करशीलच. नुसती फ्रेम मिळाली तर काहीही कर. पण टाकी, दिवा, मडगार्ड, मूळ रंग असं सगळं जागेवर असलेली सायकल हाती लागली तर तिचे कपडे उतरवू नकोस. ती जशी आहे तशी विक आणि त्या पैशांत तीन उघड्या फ्रेम घे. आणि कुठल्याही फ्रेमवरचा मडगार्डचा किंवा स्टँडचा पत्रा ग्राइंडरने कापू नकोस. नट काढून भाग बाजूला ठेवला तर उद्या परत लावता येतो. कापलेलं कोण लावणार?

फ्रेम सरळ आहे का, हे रंगाआधी बघ. हँडलच्या नळीला जिथे वरची आणि खालची नळी मिळते तिथे खालच्या बाजूने बोट फिरव. रंगाला सुरकुती किंवा नळीला बारीकसा फुगवटा लागला तर ही सायकल कधीतरी समोरून आदळलेली आहे. मग सुतळी घे. मागचं चाक बसतं त्या दोनपैकी एका खाचेला बांध, पुढे हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या बाजूने मागच्या दुसऱ्या खाचेला ताणून बांध. आता सीटच्या नळीपासून दोन्हीकडच्या सुतळीचं अंतर मोज. एकदोन मिलिमीटरचा फरक सोडून दे. पाचसहा निघाला तर मागचा भाग एका अंगाला गेलाय. मऊ पोलाद आहे, लाकडी फळी अडकवून हळूहळू ओढता येतं. चिमटा मात्र मागे वाकलेला असेल तर मी सरळ करत बसत नाही, दुसरा शोधतो. फ्रेम वाकडी असली तर सायकल तिरकी जाते. चिमटा तुटला तर तोंड फुटतं.

आता मापं. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुझं अर्धं सामान इथेच अडणार आहे.

तुझ्या दोन रिमांपैकी एकीवर ‘एस-२’ आणि दुसरीवर ‘एस-७’ असा ठसा आहे. दोन्ही श्विनच्या, दोन्ही ‘२६ इंची’. पण एस-२ वर टायर बसतो ती कड ५५९ मिमी व्यासाची, एस-७ वर ५७१ मिमीची. एस-२ ला २६ × २.१२५ टायर लागतो, जो आजही कुठेही मिळतो. एस-७ ला २६ × १ ३/४ लागतो. आता तू म्हणशील, १ ३/४ म्हणजेच १.७५ की! मीही तेच म्हणालो होतो. दुकानातून २६ × १.७५ चे टायर आणले आणि गराजमध्ये तीन लोखंडी पट्ट्या, साबणाचं पाणी आणि सांगलीतल्या सगळ्या शिव्या वापरून दीड तास झगडलो. एक पट्टी तुटली, अंगठ्याचं नख काळं पडलं, टायर काही चढला नाही. बारा मिलिमीटरचा फरक ताकदीने भरून निघत नाही. टायरच्या जगात दशांशवाले आणि अपूर्णांकवाले यांची सोयरीक होत नाही, हे तेव्हा डोक्यात बसलं. आपल्याकडच्या लेडीज सायकलचा २६ × १ ३/८ टायर ५९० मिमीचा, आणि श्विनचा त्याच आकड्याचा टायर ५९७ चा. आकडा तोच, पण एकमेकांत बसत नाहीत. म्हणून बाजूचा आकडा वाचू नकोस, मिलिमीटर वाच.

तेव्हा एस-७ विकून टाक आणि एस-२ ची जोडी पुरी कर. तुला हवा तो गुबगुबीत चेहरा जाड टायरशिवाय येणारच नाही.

क्रँक. आपल्याकडे मधला ॲक्सल वेगळा, दोन्ही क्रँक वेगळे आणि मध्ये कॉटर पिन. इथे पूर्ण क्रँक एकाच लोखंडी सळीचा, वळवलेला. याला ‘ॲश्टाब्युला’ म्हणतात, आणि ते गाव तुझ्या घरून लेक एरीच्या काठाने तासाभरावर आहे. फ्रेमच्या नळीला आत आटे नसतात. ५१ मिमीच्या भोकात कटोऱ्या नुसत्या ठोकून बसवायच्या. म्हणून श्विनचा क्रँक तुझ्या फ्रेममध्ये सहज शिरेल आणि तू खूश होशील. खरी अडचण डाव्या बाजूला आहे. श्विनच्या क्रँकवर इंचाला २८ आटे, बाकीच्या बहुतेकांच्या २४. तुझ्या फ्रेमसोबत आलेला जुना कोन आणि नट २४ चा असणार. तो श्विनच्या क्रँकवर एक फेरा गोड जातो, दुसऱ्याला जड लागतो, आणि तिसऱ्याला तू पाना लावलास की दोन्हीचे आटे गेले. जड लागलं की हात थांबव. आणि हे आटे उलटे आहेत: डावं पायडल, नट, कोन, सगळं घड्याळाच्या दिशेने फिरवलं की सुटतं. क्रँक बाहेर काढताना आधी फोटो काढ. छर्ऱ्यांच्या जाळीची कुठली बाजू आत होती ते नंतर कुणालाच आठवत नाही.

सीटची दांडी आणि हँडलचा स्टेम (हँडल धरून चिमट्याच्या नळीत उतरणारी दांडी) यांत हीच गत. श्विनची सीटची दांडी १३/१६ इंच, म्हणजे २०.६ मिमी; इतरांच्या वेगळ्या, काहींच्या तर ५/८ इंचाच्या काडीसारख्या बारीक. जुन्या अमेरिकन चिमट्याच्या नळीत २१.१ मिमीचा स्टेम जातो, आजकालचा २२.२ चा जात नाही. एक मिलिमीटरच तर आहे म्हणून कानशीने घासणारे मी पाहिलेत. स्टेमची भिंत पातळ करून त्यावर अंगाचा भार टाकायचा, हे काही शहाणपण नाही. पुढच्या चाकाच्या ॲक्सलचंही असंच: जुन्या चिमट्यांची खाच बरेचदा ५/१६ इंचाची असते आणि नव्या हबचा ॲक्सल ३/८ चा. खाच घासू नकोस, हबला बारीक ॲक्सल आणि त्याचे कोन घाल.

चेनबद्दल एकच. तुझ्या क्रँकवरच्या चक्राचे दात जवळजवळ असतील, अर्ध्या इंचावर एक, तर काळजी नाही. दात विरळ असतील, एक सोडून एक पडल्यासारखे, तर ती युद्धाआधीच्या काळात जास्त दिसणारी इंची चेन. दिसायला झकास, पण मग चेन, पुढचं चक्र, मागचं चक्र तिन्ही त्याच जातीचं लागतं आणि तीनही महाग. पहिल्या सायकलीला त्या वाटेला जाऊ नकोस.

आता हब. माझ्या मते अख्ख्या सायकलीत वेळ घालवण्यासारखा भाग हाच. सगळं उतरवल्यावर या सायकलीला ब्रेक, फ्रीव्हील आणि मागचं बेअरिंग या तिन्हींसाठी ही एकच डबी उरते.

कोस्टर ब्रेक म्हणजे उलटं पायडल मारलं की लागणारा. आत काय होतं ते समजून घे, मग दुरुस्ती आपोआप कळते. मागचं चक्र ज्याला जोडलेलं असतं त्या भागाच्या आतल्या टोकाला जाड पेचदार आटे असतात आणि त्यावर एक शंकूसारखा नट फिरतो. पुढे पायडल मारलं की तो नट पेचावरून उजवीकडे ओढला जातो आणि हबच्या आतल्या उतारात घट्ट रुततो, चाक फिरतं. पाय थांबवले की सैल. उलटं मारलं की तोच नट डावीकडे सरकतो आणि ब्रेकच्या शूंमध्ये पाचर घुसावी तसा घुसतो. शू फाकून हबच्या आतल्या भिंतीला घासतात. हे सगळं घडायला तो नट जरा अडून राहायला हवा, चक्राबरोबर गरगर फिरता कामा नये. ते काम एक एवढीशी स्प्रिंग करते. ती सैल झाली की पायडल पुढे मारा की मागे, काही लागत नाही. लोक पूर्ण हब फेकून देतात आणि दोष असतो त्या स्प्रिंगचा.

मी शेवटचा बेन्डिक्स उघडला तो गेल्या हिवाळ्यात. डाव्या बाजूचा नट काढला, ब्रेकचा आर्म उचलला, तर त्याच्यासोबत आतलं सगळं एका गोळ्यात बाहेर आलं. ग्रीस वाळून चिक्कीच्या पाकासारखं झालेलं, रंगही तोच. नखाने तुकडा मोडला तर कट्ट आवाज झाला. छर्रे त्यात शेंगदाण्यांसारखे अडकलेले. रॉकेलमध्ये रात्रभर ठेवलं, सकाळी जुन्या टूथब्रशने घासलं, आणि खालून निघालं ते आरशासारखं पोलाद. कोनावर बोट फिरवलं, एक खड्डा नाही. त्या हबला साठ वर्षांत कुणी हात लावला नव्हता आणि त्यामुळेच तो वाचला होता. पहिल्या दोनपाच वर्षांनंतर सायकल कुणी चालवलीच नसणार. उलट, वरून चकचकीत केलेले हब मी उघडलेत आणि आत कोनावर गावठी रस्त्यासारखे खड्डे सापडलेत. वरच्या क्रोमवर जाऊ नकोस.

कोनावर खड्डा दिसला की कोन बदल. छर्रे मात्र न बघता नवे घाल, स्वस्तात पडतात. हबच्या आतल्या भिंतीवर शूंनी पाडलेली लकाकी असेल तर बारीक पॉलिश पेपरने आडवे ओरखडे ओढ. मग ग्रीस, आणि भरपूर. पुष्कळांना वाटतं ब्रेकच्या शूला ग्रीस लावलं तर ब्रेक घसरेल. इथे शू धातूचे, भिंतही धातूची. कोरडं राहिलं तर किंचाळतं आणि चिकटतं. जास्त उष्णतेला टिकणारं ग्रीस घे. १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या फेअरफॅक्सच्या डोंगरउतारावर काही पोरांनी याच जातीच्या उघड्या जुन्या सायकलींची शर्यत लावली होती. खाली पोचेपर्यंत हबमधलं ग्रीस जळून धूर यायचा आणि दर खेपेला हब पुन्हा ‘पॅक’ करावा लागायचा, म्हणून त्या उताराचं नावच ‘रीपॅक’ पडलं. माउंटन बाइकची सुरुवात तिथून सांगतात. तुला तसला उतार उतरायचा नाही, पण कोस्टर ब्रेक किती तापतो ते ध्यानात ठेव.

आणि आर्म. डाव्या बाजूचा तो चपटा हात मागच्या खालच्या नळीला पट्टीने आवळायचा असतो. ब्रेकचा सगळा जोर तिथे येतो. माझ्या दुसऱ्या सायकलीला ती पट्टी लावायची राहिली. ‘आधी चालवून तर बघू’ म्हणत घरासमोरच्या उतारावर घेतली आणि उलटं पायडल दाबलं. आर्म गर्रकन खाली फिरला, सोबत ॲक्सल फिरला, नट ढिले झाले आणि ब्रेक गायब. शेजाऱ्यांच्या कुंपणाने मला थांबवलं. बायको अजून पाहुण्यांना ती जागा दाखवते. बारीक तारेने किंवा प्लास्टिकच्या टायने बांधलेला आर्म म्हणजे न बांधलेलाच. त्याच मापाची लोखंडी पट्टी आणि नटबोल्ट.

चाकं विणायची असतील तर ३६ तारा, तीन फुल्या (म्हणजे प्रत्येक तार दुसऱ्या तीन तारांना ओलांडते), २ मिमी जाडीच्या साध्या तारा. जुन्या गंजक्या तारा परत वापरू नकोस, निपल (तारेच्या टोकाचा नट) फिरवताना एकेक तुटत जाईल आणि दर तुटीला चाक आउट, म्हणजे वाकडं, होईल. आउट काढायला स्टँड नसेल तर फ्रेम उलटी ठेव आणि चिमट्याला पेन्सिल बांध. आम्ही वडिलांकडे कान आणि अंगठा यांवरच शिकलो: तार टिचकीने वाजवायची, एका बाजूच्या सगळ्या साधारण एका सुरात आल्या पाहिजेत. हे आजही चालतं.

रंगाचं उत्तर तुला आवडणार नाही कदाचित. ठेव. तुझ्या फ्रेमवर मूळ तपकिरी रंग आणि क्रीम रंगाची टोकं अजून साठ टक्के तरी आहेत. खरवडून काळा पावडर कोट मारलास तर ती दुकानातल्या नव्या ‘व्हिंटेज’ सायकलीसारखी दिसेल, आणि ती तुला तशीच विकत मिळाली असती. शिवाय त्या काळच्या रंगात शिसं असायचं. कोरडा पॉलिश पेपर किंवा ग्राइंडर लावून ती धूळ घरात आणू नकोस, विशेषतः लहान मूल असेल तर.

गंजासाठी ऑक्झॅलिक ॲसिड, इथे लाकूड उजळायची पावडर म्हणून हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. मुलांचा प्लास्टिकचा पाण्याचा हौद घे, दहा लिटरला शंभर ते दीडशे ग्रॅम, फ्रेम पूर्ण बुडली पाहिजे. अर्धी बुडाली तर पाण्याच्या रेषेवर कायमचा पट्टा पडतो. रात्रभर ठेव, सकाळी धू, खायच्या सोड्याच्या पाण्याने पुन्हा धू आणि लगेच पुसून वाळव, नाहीतर दुपारपर्यंत नवा गंज. हातमोजे, चष्मा, उघडी जागा. हे विष आहे, कुत्र्यामांजरांना हौदापाशी येऊ देऊ नकोस. ॲल्युमिनियम आणि जस्ताचा मुलामा असलेले भाग त्यात टाकायचे नाहीत. क्रोमच्या हँडलला यातलं काहीच नको: स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घास. वाळल्यावर फ्रेमला जवसाच्या तेलाचा पातळ हात दिला की उरलेला रंग खोलवर चमकतो. तेलाचं फडकं मात्र चुरगळून कोपऱ्यात फेकू नकोस, ते आपोआप पेट घेतं. पसरून बाहेर वाळत घाल.

जोडणी एका दुपारचं काम आहे, त्यात सांगण्यासारखं फार नाही. चिमटा, क्रँक, चाकं, चेन, मग सीट आणि हँडल. गिअर एकच असल्याने दात नीट निवड. पुढे ४६ आणि मागे २० घेतलंस तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल पावणेपाच मीटर जाते. क्लीव्हलंडच्या लेककाठच्या सपाट रस्त्याला हे पुरेसं आहे. मागे १८ लावलंस तर वाऱ्याविरुद्ध गुडघे बोलतील. चेन मधोमध बोटाने दाबली की अर्धा इंच खालीवर व्हायला हवी. फार ताणलीस तर हबचे छर्रे खाईल आणि फार ढिली ठेवलीस तर उतरेल.

आणि उतरली तर? कोस्टरचा ब्रेक चेनवरच चालतो. चेन पडली की ब्रेकही गेला. म्हणून ‘नुसती हाडं’ या तुझ्या हट्टाला मी इथे एक सूट मागतो: पुढे एक ब्रेक लाव. तुझ्या चिमट्याला ब्रेकचं भोक नाही आणि पाडूही नकोस. पुढच्या हबमध्येच ड्रम असलेलं चाक मिळतं, स्टर्मी-आर्चरचा ७० मिमीचा ड्रम तर लांबून साध्या जाड हबसारखाच दिसतो. त्याचा ॲक्सल जुन्या खाचेला जाड आणि रुंद पडेल, तेव्हा आधी मापं घे. न बसल्यास थोडा नंतरच्या काळातला, रुंद खाचेचा चिमटा बघ. एक केबल, एक लिव्हर आणि चिमट्याला आवळलेला छोटा आर्म, एवढंच बाहेर दिसतं. माझ्या अकरा सायकलींपैकी चालवायच्या चारही सायकलींना असा ब्रेक आहे. बाकीच्या भिंतीवर टांगलेल्या आहेत, त्यांना चालतं.

पहिल्या दहाबारा मैलांनंतर क्रँकचा डावा नट, दोन्ही ॲक्सलचे नट आणि आर्मची पट्टी पुन्हा आवळ. नवे छर्रे जागा करून घेतात, ढिलं पडणारच. नंतर महिनाभर काही बघायची गरज नाही.

राहता राहिला तुझा श्विनचा क्रँक. त्यासाठी २८ आट्यांचा कोन आणि नट शोधत फिरण्यापेक्षा असं कर: माझ्याकडे २४ आट्यांचा एक क्रँक कोन-नटासकट डब्यात पडून आहे, तुझ्या फ्रेमला तो बसेल. आणि भिंतीवरची माझी एक श्विन सहा वर्षांपासून क्रँकवाचून लंगडी आहे. शनिवारी ये, अदलाबदल करू. येताना व्हर्नियर आण.